आशालताबाईंच्या कानाचं अधिकारक्षेत्र

भांडण कशावरून झालं, हे साधी माणसं विचारतात. भांडण कुठं चालवायचं, हे मोठी माणसं ठरवतात. ज्या समाजात दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याहून जास्त वेळ लागतो तो समाज सुधारला असं समजावं, आणि या मापानं पाहिलं तर बंडोपंतांच्या नोकरीच्या काळात बालाघाटचं न्यायालय जगातल्या भल्याभल्या न्यायालयांच्या पंक्तीला बसलं असतं. बंडोपंत तिथं रीडर होते. रीडर म्हणजे न्यायाधीशसाहेबांच्या टेबलाखालच्या टेबलावर बसून कागद वर पाठवणारा किंवा न पाठवणारा माणूस. वर पाठवायला काय, कोणालाही येतं. न पाठवण्यात बंडोपंतांचा हात धरणारा कोणी नव्हता.

'हे आपल्या हद्दीत येत नाही' हे वाक्य ते इतक्या मायेनं म्हणत, की आलेला माणूस आभार मानून परत जाई आणि बसस्टँडवर पोचल्यावर त्याला आपण काय गमावलं ते कळे. बाघ नदीच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र, त्यामुळे अशा वाक्याला या भागात मरण नाही. एकदा गोंदियाकडच्या एका माणसानं परसवाड्याच्या बाजारात म्हैस घेतली आणि ती नेता नेता नेमकी पुलावर मेली. तोंड महाराष्ट्रात, शेपूट मध्य प्रदेशात. विकणारा आणि घेणारा, दोघंही भांडत आले. बंडोपंतांनी शांतपणे सांगितलं, की म्हैस आधी कोणत्या बाजूनं मेली याचा दाखला आणा. (दाखला कोणत्या राज्याच्या गुरांच्या डॉक्टरनं द्यायचा, याचा खुलासा त्यांनी मागाहून करायचं ठेवलं.) त्या दोघांचं भांडण दाखल्यापायी इतकं थकलं की पुढं ते व्याही झाले.

निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार होती, पण लग्नांनी ती वाचवली. बालाघाटच्या मराठी घरांची निम्मी सोयरीक नदीपलीकडे, तेव्हा रीत कोणाची पाळायची हा प्रश्न दर लग्नात उभा राहतोच. बंडोपंतांनी त्याची पक्की घडी बसवून दिली होती. जेवण मांडवाच्या गावच्या रीतीनं, मानपान वरपक्षाच्या गावच्या रीतीनं, आणि रुसणं ज्याच्या त्याच्या जन्मगावच्या रीतीनं. (तुमसरला जन्मून भंडाऱ्याला वाढलेल्या आणि बालाघाटात रुसलेल्या एका मावशींचं प्रकरण अजून विचाराधीन आहे. मावशी जेवून गेल्या, पण हक्क राखून.)

तर अशा माणसाच्या नातीचं, देवश्रीचं, लग्न गोंदियाच्या मुलाशी ठरलं. देवश्री बालाघाटात बँकेत नोकरीला, आजीआजोबांकडेच वाढलेली. रीतींचा करार पहिल्याच बैठकीत झाला, कोणी रुसलं नाही, आणि सगळं कसं सुरळीत चाललं होतं. अडलं फक्त एका ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे आशालताबाईंचा कान.

आशालताबाई म्हणजे बंडोपंतांच्या पत्नी. घराण्यात लग्न असलं की मंगलाष्टकं त्यांनीच म्हणायची, हे इतकं ठरलेलं होतं की पत्रिकेत छापत नसत. पण दोन-तीन वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं. गेल्या एका लग्नात पेटी एका सुरात संपली आणि बाई दुसऱ्याच सुरात, आणि मागं बसलेल्या पोरी हसल्या. बाईंना हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी गाणं सोडलं. मांडवातलंच नाही, देवापुढचं गुणगुणणंही. बंडोपंतांनी आयुष्यात कधी त्यांना 'छान म्हणतेस' असं म्हटलं नव्हतं. आता मात्र त्यांना घर खायला उठलं. देवश्रीच्या लग्नात हिनं म्हणावं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती ते कोणाला सांगत नव्हते.

देवश्रीनं फोनवरच्या एका बाजारात कानाचं मशीन शोधून काढलं. चित्र छान होतं, चित्रातली म्हातारी तर आनंदानं जवळजवळ नाचत होती. पत्ता भरला, सगळं भरलं, आणि शेवटी खाली एक चौकोन आला: 'मला अटी व शर्ती मान्य आहेत.'

"आबा, टिक कर द्या नं," देवश्री म्हणाली. "कोई नहीं पढ़ता हे."

बंडोपंतांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती भर न्यायालयात पान खाऊन थुंकली. वाचल्याशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही, या एका नेमावर त्यांची अख्खी नोकरी झाली होती. त्यांनी काली पुतली चौकाजवळच्या दुकानातून त्या अटी छापून आणल्या. (दुकानदारानं मधेच शाई संपल्याचं सांगून, लग्नपत्रिका आहे की गॅझेट, अशी चौकशी केली.) मग चष्मा पुसून ते वाचायला बसले, आणि वाचता वाचता त्यांचा ऊर भरून आला.

काय कागद होता तो! बैहरच्या आठवडी बाजारात विळा वाकडा निघाला तर माणूस पुढच्या बाजारी जाऊन त्याच विकणाऱ्याच्या पोत्यावर बसतो आणि ओरडतो. कायदा, न्यायालय, निकाल आणि अंमलबजावणी, सगळं त्या एका पोत्यावर उरकतं. किती मागासलेली पद्धत! या नव्या बाजारात पोतंच नव्हतं. कलमाकलमानं स्पष्ट केलं होतं, की बाजारवाली कंपनी ही विकणारी नव्हे, ती फक्त ओटा. ओट्यावर बसलेला विकणारा एका देशातला, मशीन घडवणारा दुसऱ्या देशातला, ते पेटीत घालणारा तिसऱ्या देशातला. ओट्याची नोंदणी मात्र समुद्रातल्या एका बेटावर. (बेटाचं नाव इथं देत नाही. नाव घेतल्यानं त्याचा कायदा लागू होतो की काय, हे कलम तीनदा वाचूनही बंडोपंतांना कळलं नव्हतं, आणि त्यांना कळलं नाही ते आपण अंगावर कशाला घ्या.) भांडण झालंच तर ते त्या बेटावर, त्या बेटाच्या कायद्यानं, इंग्रजीत आणि एकट्यानं चालवायचं होतं. 'कोणाचा कायदा लागू' हे ठरवणारे बेटाचे स्वतःचे जे नियम, तेही वगळले होते. म्हणजे बेटालाही त्यात बोलायची सोय नव्हती.

हे लिहिणारा कोणीतरी रीडर असला पाहिजे, असं बंडोपंतांना वाटलं. साता समुद्रापलीकडे आपल्या जातकुळीचा कोणी टेबल टाकून बसला आहे, या विचारानं त्यांना एकदम हुशारी आली. त्यांनी चौकोनावर अंगठा ठेवला. वाचून, समजून आणि राजीखुशीनं 'मान्य' दाबलेला हा बहुधा जिल्ह्यातला पहिला अंगठा. (त्यांनी नंतर फिरायला जाताना ओळखीच्या सगळ्यांना विचारून पाहणी केली. अटी मान्य असलेले: सगळे. अटी वाचलेले: खुद्द पाहणी करणारे. अटी म्हणजे काय ते विचारणारे: एक हेडमास्तर.)

मशीन आलं. पेटीवर इतक्या देशांचे शिक्के होते की आशालताबाईंनी आधी तिला हळदीकुंकू लावलं. मशीन कानात बसलं आणि एक चमत्कार झाला. लांबचं सगळं ऐकू येऊ लागलं, जवळचं काहीच नाही. स्टेशनवर गाडी लागल्याची घोषणा बाई घरात बसून सांगत. तिसऱ्या घरातल्या नवराबायकोचं भांडण त्यांना शब्दशः पाठ झालं आणि पुढं काय होतं म्हणून त्या संध्याकाळी लवकर स्वयंपाक उरकू लागल्या. पण समोर बसलेले बंडोपंत नुसते ओठ हलवत, आणि स्वतःचा आवाज तर त्यांना मुळीच येईना. एकदा धीर करून त्यांनी मंगलाष्टकाची पहिली ओळ म्हणायला घेतली आणि गल्लीपलीकडच्या वरातीच्या बँडाच्या चालीवर संपवली. मशीन काढून त्यांनी ते डबीत ठेवलं.

"हे परत करा," एवढंच त्या म्हणाल्या.

परत करण्याची मुदत संपली होती. कलमाप्रमाणे ती, माल शेवटच्या गोदामात पोचला त्या क्षणापासून धावत होती, आणि ते गोदाम असं होतं की तिथं आपला आज म्हणजे त्यांचा उद्या. फोनवर तक्रार केली तर 'आम्ही आपली भावना समजतो' असं उत्तर आलं. बंडोपंतांनी भावना नीट खुलासेवार लिहिली. पुन्हा तेच उत्तर आलं. भावना समजण्याचा इतका वेग त्यांनी कोणत्याच खात्यात पाहिला नव्हता.

मग महेंद्र वकील आले. हे बंडोपंतांच्या शेजारचे, हाताखाली तयार झालेले म्हणा ना. त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, की आपल्या देशाच्या ग्राहक कायद्यात चक्क लिहिलं आहे, गिऱ्हाईक राहतं तिथंच त्याला तक्रार करता येते. ग्राहक आयोग इथंच आहे, सायकलच्या टप्प्यात. बेटाचं कलम तिथं कोणी विचारणार नाही, अर्ज मी लिहितो, पंतांनी फक्त सही करावी.

"महेंद्र, मी वाचून मान्य केलं आहे," बंडोपंत म्हणाले. "न वाचता केलं असतं तं गोष्ट अलग होती."

महेंद्र वकिलांनी उरलेला चहा संपवला. वकिली शिक्षणात वाचणाऱ्या गिऱ्हाइकाचा धडा नसतो.

तरी विषय शास्त्रशुद्ध तपासावा म्हणून बंडोपंतांनी एक टिपण केलं. तक्रार कुठं चालू शकते? मशीन बिघडलं तिथं, तर मशीन बिघडलेलं होतं की वाटेत बिघडलं? विकलं तिथं, तर विकणं फोनमध्ये झालं, मशीन शोधलं देवश्रीनं बँकेच्या जेवणाच्या सुटीत आणि अंगठा लागला घरात. नुकसान झालं तिथं, तर नुकसान कानाचं, मग कान कुठला? कानाचा जन्म हट्ट्याचा, कारण आशालताबाईंचं माहेर हट्टा. लग्नानंतर तो बालाघाटला आला, पण मशीन लावल्यापासून तो राहायला स्टेशनवर होता. बंडोपंतांनी पेन ठेवलं. सगळा विचार करता बेटच सोयीचं होतं.

त्यांनी बेटाला अर्ज लिहिला. 'सविनय सादर' पासून 'सत्य समजून सही केली' पर्यंत, समासासह. देवश्रीनं तो इंग्रजी करून पाठवला. आणि काय सांगावं, उत्तर आलं! सविस्तर, कलमवार, सभ्य उत्तर. त्याचा मतलब असा: 'आपण आमची हद्द मान्य केल्याबद्दल आभारी आहोत. मात्र तक्रार कानाविषयी असल्यानं कान ज्याचा आहे त्यानं स्वतः अर्ज करावा. तसेच, कान ज्याचा आहे त्यानं अटी मान्य केल्या नसल्यामुळे त्याचा अर्ज घेता येणार नाही.'

बंडोपंतांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्यांच्या तोंडून 'वाहवा' निघालं. उभ्या नोकरीत इतकं घट्ट उत्तर त्यांच्या हातून लिहून झालं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्यांना आशालताबाई समोर दिसत होत्या. त्या गव्हातले खडे निवडत होत्या, आणि ओठ मिटलेले होते. त्यांनी कागद बाईंपुढं धरला आणि मोठ्यानं, खुणा करत, सगळं समजावून सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं, म्हणजे पाहिलं. "मशीन तुमची, कान माहा," त्या म्हणाल्या, "अन् न्याय कोणाचाच नाई. तुम्ही लोकायले असंच वापस पाठवत होते का वो?"

बंडोपंतांनी कागदाची घडी घातली. त्या दुपारी ते जेवले नाहीत, आणि म्हशीवाल्या त्या दोघांची नावं काय होती ते आठवत बसले. एकाचंही आठवलं नाही.

हा प्रश्न शेवटी ज्या पीठानं सोडवला त्याचा उल्लेख कायद्याच्या एकाही पुस्तकात नाही. देवश्रीनं कोणाला न विचारता त्या फोनवरच्या बाजारात मशीनचा फोटो, शेजारी आजीचा फोटो, आणि खाली एकच चांदणी टाकली. पाचांपैकी एक. बस्स. देशोदेशीचे कायदे, बेट, ओटा, गोदाम, सगळे जिथं हात वर करून उभे होते, तिथं ती एक चांदणी चार दिवसांत पोचली. कंपनीनं माफी मागितली, नवीन आणि वरच्या दर्जाचं मशीन पाठवलं, आणि चांदण्या वाढवण्याची नम्र विनंती केली. न्याय इतका उघड आणि बिनहद्दीचा मिळालेला पाहून बंडोपंतांना मनातून वाईटच वाटलं. त्यांनी देवश्रीला विचारलं, की या चांदणीला अपील असतं का? देवश्री म्हणाली, "हौ आबा, दो चांदणी."

नवं मशीन फोनला जोडून चालायचं. फोन बंडोपंतांच्या खिशात आणि कान बाईंचा, अशी व्यवस्था झाली. पण चालायचं मात्र झकास. पहिल्याच सकाळी देवघरातून गुणगुणणं ऐकू आलं. बंडोपंत पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा वर धरला, आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

लग्न बालाघाटातच झालं. मांडव भरलेला, जेवण इथल्या रीतीचं, मानपान गोंदियाच्या रीतीचं, दोन्हीकडची वडीलधारी माणसं तृप्त. अंतरपाट धरला. आशालताबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सूर लावला. मागच्या वेळी हसलेल्या पोरी याही वेळी मागं होत्या, त्या गप्प झाल्या. असा सूर, की गोंदियाच्या बाजूचे दोन काका फोन खाली ठेवून ऐकू लागले. बंडोपंतांना वाटलं, आता काही नको.

शेवटचं कडवं सुरू झालं आणि बाई थांबल्या. त्यांनी कानाला हात लावला आणि बंडोपंतांकडे पाहिलं. त्याच वेळी बंडोपंतांचा खिसा थरथरला. फोनवर आलं होतं: 'आमच्या अटी व शर्ती बदलल्या आहेत. ऐकणं चालू ठेवण्यासाठी मान्य करा.'

खाली ओळींवर ओळी. बंडोपंतांनी सवयीनं चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिली ओळ वाचायला घेतली. 'सदर करार, यापुढे ज्यास करार म्हटले आहे...' भटजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुहूर्त टळतो आहे असं हळूच सांगितलं. अक्षता मुठींत घामेजल्या. वरपक्षात कुजबुज सुरू झाली, की हे काय मधेच, हे कोणाच्या रीतीत बसतं? अंतरपाटाआडून देवश्रीनं मान वाकडी करून पाहिलं. महेंद्र वकील पुढच्या रांगेत होते, कायद्याचे जाणकार. त्यांनी हातानं नुसतं 'दाबा' असं दाखवलं. आशालताबाई मांडवाच्या मधोमध उभ्या होत्या, काहीही ऐकू येत नसलेल्या, आणि मागच्या पोरींकडे पाहायचं टाळत होत्या.

"काहून थांबले?" त्या म्हणाल्या. ऐकू येत नसल्यानं ते साऱ्या मांडवाला ऐकू गेलं.

बंडोपंतांनी डोळे मिटले आणि अंगठा ठेवला.

सूर जिथं सुटला होता तिथंच बाईंनी तो पुन्हा धरला, आणि 'सावधान' म्हणताना त्यांचा आवाज असा चढला की अक्षता आपोआप उडाल्या. बँड वाजला. लोक पेढे खायला धावले. महेंद्र वकिलांनी गर्दीत बंडोपंतांना गाठून विचारलं, की पंत, त्यात होतं काय?

"काई नाई," बंडोपंत डोळे पुसत म्हणाले. "नेहमीचंच असते."

वाचकहो, मांडवात तीनशे माणसं होती. कोणीही बंडोपंतांना 'आधी वाचा' म्हटलं नाही, आणि खरं सांगा, तुम्हीही मनात 'दाबा हो, दाबा लवकर' असंच म्हणत होता. म्हटलंत तेवढं पुरे आहे. नव्या अटींत म्हणे मनातल्या मनात दिलेली संमतीसुद्धा धरली जाते, आणि जवळ उभा राहून पाहणाराही करारात येतो. खरं आहे की नाही, ते मला माहीत नाही. मी वाचलेल्या नाहीत.